परक्या संगणकावर स्वतःचा ब्राउझर

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील सामान्य माणसाचा शासनाशी, विद्यापीठाशी आणि बँकेशी असलेला व्यवहार गेल्या पंधरा-वीस वर्षांत कागदावरून संगणकाच्या पडद्यावर गेला; मात्र तो पडदा बहुधा त्या माणसाच्या मालकीचा नसतो. पीकविम्याची मुदत संपत आली की औसा, निलंगा, मुखेड, कंधार या तालुक्यांतील सोयाबीन उत्पादक सेवा केंद्राच्या ओट्यावर रांग लावतो, तेथील संगणक केंद्रचालकाचा असतो. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परीक्षा-अर्ज खेड्यातला विद्यार्थी ज्या संगणकावर भरतो, तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचा किंवा बसस्थानकासमोरच्या नेटकॅफेचा असतो. आणि लातूरच्या शिकवणी वर्गांच्या वस्तीत खोली करून राहिलेली मुले-मुली प्रवेशपरीक्षेचा अर्ज व पुढे प्रवेशफेरीचे पसंतीक्रम ज्या यंत्रावर नोंदवितात, ते यंत्र झेरॉक्सच्या दुकानदाराचे असते. परक्या यंत्रावर आपला पासवर्ड टाइप करणे आणि आपल्या आधार क्रमांकाची, सातबाऱ्याची, गुणपत्रिकेची खूण तेथेच मागे ठेवून घरी येणे हा असंख्य कुटुंबांचा परिपाठ झाला आहे. अशा स्थितीत आपला ब्राउझर पेनड्राइव्हवर घालून आपणच बरोबर न्यावा आणि काम आटोपताच परत आणावा, ही कल्पना कितपत उपयोगी, कितपत निर्धोक, आणि ती वापरात टिकविण्यासाठी कोणती दक्षता अवश्य, याचा सांगोपांग विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

ही कल्पना नवी नव्हे. २००४ साली अमेरिकेतील जॉन हॅलर यांनी फायरफॉक्सची पेनड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती सिद्ध केली आणि त्या उपक्रमातूनच पुढे पोर्टेबलॲप्स हा मोफत संग्रह उभा राहिला. त्याच सुमारास, २००५ मध्ये, सॅनडिस्क आणि एम-सिस्टिम्स या कंपन्यांनी यू-थ्री नावाची योजना आणली होती. तिच्यात पेनड्राइव्हचा एक भाग आपण सीडी असल्याचे संगणकाला भासवीत असे आणि त्यायोगे आतील प्रोग्राम लावताक्षणी आपोआप सुरू होत. ती योजना थोड्याच वर्षांत गुंडाळली गेली. आपोआप सुरू होण्याच्या सोयीचा खरा लाभ व्हायरसांनीच उठविला. २००८ च्या अखेरीस पसरू लागलेल्या कॉनफिकरने तर पेनड्राइव्ह हेच आपल्या प्रसाराचे एक साधन केले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टला जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हपुरती ती सोय बंद करावी लागली. हॅलर यांचा उपक्रम मात्र आजतागायत चालू आहे, कारण त्यांनी विशिष्ट बनावटीच्या पेनड्राइव्हची अट घातली नाही आणि आपोआप सुरू होण्यावर आपली भिस्त ठेवली नाही.

फायरफॉक्सची फाइल नुसती पेनड्राइव्हवर उतरविली म्हणजे तो फिरता ब्राउझर झाला, अशी समजूत अनेकांची असते. ती चुकीची आहे. नेहमीचा ब्राउझर स्वतः एका जागी राहतो, तर वापरणाऱ्याचे बुकमार्क, पासवर्ड, कुकी, पाहिलेल्या पानांचा इतिहास आणि मांडणी हा सारा ऐवज विंडोजमधील त्या वापरकर्त्याच्या खात्याखाली निराळ्या फोल्डरात ठेवतो. पोर्टेबल आवृत्तीत एक छोटा आरंभक प्रोग्राम मध्यस्थी करतो: तो हा सर्व ऐवज पेनड्राइव्हवरील 'डेटा' या फोल्डरातच ठेवण्याचा हुकूम ब्राउझरला देतो, एका संगणकावर एफ म्हणून ओळखला गेलेला पेनड्राइव्ह दुसऱ्यावर जी किंवा एच झाला तर नोंदींतील मार्ग त्याप्रमाणे दुरुस्त करतो, आणि ब्राउझर बंद होताना यजमान संगणकावर उरलेले अवशेष आवरतो. ब्राउझरचे मूळ शरीर 'ॲप' या फोल्डरात व वापरणाऱ्याचा ऐवज 'डेटा' या फोल्डरात, ही जी विभागणी आहे, तिच्यावरच पुढील सर्व विवेचन आधारलेले आहे. म्हणून वाचकाने ती ध्यानात ठेवावी.

या कामी फायरफॉक्सच अधिक का चालला, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. संकेतस्थळ खरे की खोटे हे ओळखण्यासाठी लागणाऱ्या मूळ प्रमाणपत्रांची यादी आणि सांकेतिक देवाणघेवाणीची यंत्रणा तो विंडोजकडून उसनी घेत नाही, स्वतःबरोबर बाळगतो. खेड्यापाड्यांतील शाळांत व केंद्रांत विंडोज एक्स्पीचे संगणक दीर्घकाळ चालू राहिले, आणि एक्स्पीवरील इंटरनेट एक्सप्लोररला टीएलएस १.२ ही नवी सांकेतिक पद्धत अवगत नसल्यामुळे, संकेतस्थळे तिच्याकडे वळू लागताच ते संगणक निरुपयोगी ठरू लागले. त्याच यंत्रावर फायरफॉक्स मात्र ती स्थळे उघडून देई. स्वतंत्र यादीचे महत्त्व जुलै २०१४ मध्ये आपल्या देशापुरते विशेष स्पष्ट झाले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-विभागाकडून गूगलच्या काही पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निर्गमित झाल्याचे तेव्हा उघडकीस आले. भारताच्या प्रमाणन नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्यामुळे विंडोजच्या यादीवर विसंबणाऱ्या प्रोग्रामांना त्याची बाधा संभवत होती, तर फायरफॉक्सच्या यादीत ते नसल्यामुळे तो अलिप्त राहिला.

पासवर्डांच्या बाबतीतही हाच भेद आहे. फायरफॉक्स पासवर्ड ज्या किल्लीने कुलूपबंद करतो, ती किल्ली त्याच फोल्डरात असते. त्यामुळे फोल्डर जेथे जाईल तेथे पासवर्ड उघडतात. क्रोम विंडोजवर ही किल्ली विंडोजच्या वापरकर्ता-खात्याशी जखडतो, म्हणून नांदेडच्या संगणकावर साठविलेले पासवर्ड लातूरच्या संगणकावर उघडत नाहीत; यंत्र बदलले की काही एक्स्टेन्शन व मांडणीही तो नाकारतो. हे त्याच्या सुरक्षिततेचे लक्षण आहे, दोष नव्हे. परंतु फिरत्या वापरास तो त्यामुळे कमी सोयीचा ठरतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पेनड्राइव्हवरील ब्राउझरची कसोटी तो अद्ययावत ठेवण्यात आहे, आणि माझ्या मते बहुसंख्य लोक याच कसोटीला उतरत नाहीत. घरच्या संगणकावरील ब्राउझर रोज उघडला जातो आणि पाठीमागे निमूटपणे स्वतःची दुरुस्ती करून घेतो. पेनड्राइव्ह मात्र टेबलाच्या खणात पडून असतो. पीकविम्याच्या हंगामात बाहेर निघालेला तो पुढच्या हंगामातच पुन्हा निघतो. २०२० पासून फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारणतः दर ४ आठवड्यांनी येते. म्हणजे वर्षभर खणात राहिलेला ब्राउझर बारा-तेरा आवृत्त्यांनी मागे पडलेला असतो, आणि त्या प्रत्येक आवृत्तीत जी सुरक्षाछिद्रे बुजविली गेली, ती जगाला जाहीर झालेली असून याच्यात मात्र उघडी असतात. देशाची सर्ट-इन ही संस्था क्रोम व फायरफॉक्स यांच्या जुन्या आवृत्त्यांविषयी वेळोवेळी इशारे प्रसृत करते; पण खणातल्या पेनड्राइव्हपर्यंत ते इशारे पोहोचत नाहीत. आपला ब्राउझर आपल्याबरोबर आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, ही भावना अशा वेळी नेटकॅफेच्या अद्ययावत ब्राउझरपेक्षाही अधिक घातक ठरते.

अद्ययावत करण्याचे मार्ग दोन. पहिला, ब्राउझर उघडून मदत विभागातील 'फायरफॉक्सविषयी' ही खिडकी पाहावी. ती आवृत्तीचा क्रमांक दाखविते आणि नवी आवृत्ती उपलब्ध असल्यास उतरवून घेते. दुसरा, पोर्टेबलॲप्सवरून नवी बांधणी उतरवून, ब्राउझर पूर्णपणे बंद करून, ती नेमकी त्याच जुन्या फोल्डरावर बसवावी. असे केल्याने 'ॲप' फोल्डरातील जुने शरीर बदलते आणि 'डेटा' फोल्डरातील ऐवज जसाच्या तसा राहतो. येथे नेहमी होणारी चूक म्हणजे नवी बांधणी शेजारच्या निराळ्या फोल्डरात बसविणे. मग पेनड्राइव्हवर दोन ब्राउझर नांदू लागतात, एकात जुना ऐवज, दुसरा रिकामा. आणि बुकमार्क व पासवर्ड गेले असा आकांत होतो, वस्तुतः ते पहिल्या फोल्डरात सुखरूप असतात. क्रोमच्या पोर्टेबल बांधणीत गूगलची स्वतःची अद्ययावत करणारी यंत्रणा चालत नाही, तेथे दुसरा मार्गच धरावा लागतो.

स्वस्त पेनड्राइव्हवर छोट्या छोट्या असंख्य फाइली लिहिण्याचे काम फार मंद चालते, आणि मध्येच वीज गेली किंवा कोणी पेनड्राइव्ह उपटला तर अर्धवट बदललेला ब्राउझर उघडेनासा होतो. ज्या भागात भारनियमनाची आठवण अद्याप ताजी आहे, तेथे ही शंका पुस्तकी मानता येणार नाही. म्हणून संपूर्ण फोल्डर एखाद्या विश्वासू संगणकाच्या हार्डडिस्कवर उतरवावा, तेथे अद्ययावत करावा, एकदा उघडून पाहावा आणि मग पेनड्राइव्हवर परत ठेवावा. जुनी प्रत आठवडाभर तरी हार्डडिस्कवर राहू द्यावी. नवी बांधणी उतरविण्यास पन्नास मेगाबाइटांहून अधिक डेटा लागतो, तो नेटकॅफेत खर्च करण्याऐवजी घरच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करणे बरे. आणि मुदतीच्या शेवटच्या रात्री, पोर्टल आधीच धिम्या गतीने चालत असताना, हे काम कदापि काढू नये. आठवडाभर आधी करावे.

एकदा पुढे गेलेला ऐवज मागे आणता येत नाही, हेही ओळखून असावे. मे २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीने हाताळलेला फोल्डर जुन्या आवृत्तीत उघडण्यास नकार देतो आणि रिकामा नवा फोल्डर काढण्याचे सुचवितो. घरी नव्या आवृत्तीत वापरलेला 'डेटा' फोल्डर केंद्रावरील जुन्या पेनड्राइव्हवर चढविणाऱ्यांची गाडी येथेच अडते.

जुन्या संगणकांची गोष्ट वेगळी. फायरफॉक्स बनविणारी मोझिला संस्था २०१२ पासून दीर्घ मुदतीची एक शाखा, जिला ईएसआर म्हणतात, स्वतंत्रपणे चालविते. तिच्यात वर्षभर नव्या सोयी येत नाहीत, सुरक्षा-दुरुस्त्या मात्र येत राहतात. एक्स्पी व व्हिस्टासाठी तिची ५२ वी आवृत्ती शेवटची ठरली आणि २०१८ मध्ये तिच्या दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ७ व ८ साठी जुलै २०२३ मधील ११५ वी आवृत्ती शेवटची. तिची मुदत मोझिलाने एकाहून अधिक वेळा वाढविली, तर क्रोमने विंडोज ७ ची साथ जानेवारी २०२३ मधील १०९ व्या आवृत्तीनंतरच सोडली होती. फिरत्या पेनड्राइव्हवर मला ईएसआरच पसंत आहे, कारण तिची रूपरेषा वर्षभर स्थिर राहते आणि जुन्या-नव्या यंत्रांवर ती समान वागते. तीही अद्ययावत न ठेवणाऱ्यांना १४ मार्च २०२५ रोजी प्रत्यय आला असेल: त्या दिवशी मोझिलाच्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि मुख्य शाखेत १२८ पूर्वीच्या व जुन्या ईएसआर शाखेत ११५.१३ पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये एक्स्टेन्शन बंद पडण्याची वेळ आली. प्रमाणपत्रांना तारीख असते, आणि जुना ब्राउझर आपोआप कालबाह्य होतो. त्यावर कोणी हल्ला करण्याची गरजही लागत नाही.

याच्या नेमकी उलट निकड शासकीय पोर्टलांनी निर्माण केली, आणि या विषयातील सर्वांत खेदजनक प्रकरण तेच आहे. राज्याच्या निविदा ज्या महाटेंडर्सवर भरल्या जातात, ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रणालीवर चालते, आणि तेथील डिजिटल स्वाक्षरीसाठी जावाची आवश्यकता असे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सच्या मुख्य शाखेने मार्च २०१७ मध्ये ब्राउझरमधील जावाच्या प्लग-इनला रजा दिली. केवळ ५२ व्या ईएसआरमध्ये ते पुढील वर्षापर्यंत चालत राहिले. परिणामी रस्त्याचे, पाणीपुरवठ्याचे, शाळाखोल्यांचे काम घेणारे छोटे कंत्राटदार आणि त्यांच्यासाठी निविदा भरून देणारे जाणकार यांनी ५२ वी आवृत्ती, जावाच्या जुळत्या बांधणीसह, पेनड्राइव्हवर जपून ठेवणे स्वाभाविक होते. त्यांना दोष देता येत नाही. ज्या शासनाने नागरिकाला अद्ययावत राहण्याचा उपदेश करायचा, त्याच्याच पोर्टलाने त्याला मुद्दाम जुने राहण्यास भाग पाडावे, ही विसंगती वर्षानुवर्षे चालली. पुढे ब्राउझरच्या बाहेर चालणारा स्वाक्षरीचा स्वतंत्र प्रोग्राम आला आणि ती अडचण मिटण्याचा मार्ग मोकळा झाला. अद्यापही कोणाजवळ ती जुनी प्रत असेल, तर तिच्यातून अन्य कोणतेही स्थळ उघडू नये, ईमेल वा बँक तर नव्हेच. आणि नव्या स्वाक्षरी-प्रोग्रामाने काम होत असेल तर ती पुसून टाकावी.

स्वाक्षरीचा टोकन आणि बोटांच्या ठशाचे यंत्र या दोन वस्तूंपुढे पेनड्राइव्हवरील ब्राउझर तसाही अपुरा पडतो. मंत्रा किंवा मॉर्फो यांसारख्या ठसायंत्रांसाठी आधार प्राधिकरणाने विहित केलेली आरडी सेवा त्या त्या संगणकावरच बसलेली असावी लागते, आणि टोकनचा ड्रायव्हर बसविण्यास संगणकाच्या मालकाची परवानगी लागते. स्वतःचे यंत्र बिघडल्यामुळे शेजारच्या गावच्या केंद्रात जाणाऱ्या केंद्रचालकाला पेनड्राइव्हवर आपले बुकमार्क व मांडणी मिळेल, ठसा मिळेलच असे नाही. एक रुपयात पीकविमा ही योजना २०२३ च्या खरिपात आली, तेव्हा केंद्रचालकास दर अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून देय होते; अशा गर्दीच्या दिवसांत यंत्र बंद पडणे म्हणजे त्याची रोजी बुडणे. त्याने पर्यायी संगणकावर ड्रायव्हर व आरडी सेवा हंगामापूर्वीच बसवून ठेवणे हाच त्यावर इलाज आहे.

सुरक्षिततेविषयी दोन भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. पहिला भ्रम असा की आपला ब्राउझर असल्यावर परक्या यंत्राचे भय उरत नाही. यंत्रात कळफलकावरील प्रत्येक अक्षर टिपणारा चोर प्रोग्राम दडलेला असेल, तर ब्राउझर कोणाचाही असो, पासवर्ड त्याच्या हाती लागतो. पेनड्राइव्हवरील ब्राउझर आपल्यामागे खुणा कमी ठेवतो, एवढेच त्याचे श्रेय. आजाऱ्याच्या भांड्यात आपले अन्न नेऊन वाढले तर ते निर्मळ राहत नाही. दुसरा भ्रम मुख्य पासवर्डाविषयी. फायरफॉक्सला मुख्य पासवर्ड घातला की साठविलेले पासवर्ड कुलूपबंद होतात हे खरे, पण कुकी होत नाहीत. आणि एखाद्या खात्यात प्रवेश केलेल्या अवस्थेतील कुकी म्हणजे त्या खात्याचा उघडा दरवाजा असतो. तहसीलच्या आवारात हरवलेला पेनड्राइव्ह ज्याला सापडेल, त्याला पासवर्ड न कळताही ईमेल उघडता येणे शक्य आहे. म्हणून ब्राउझर बंद होताच कुकी पुसल्या जाव्यात अशी मांडणी करावी, आणि बँकेचा पासवर्ड तर मुळीच साठवू नये. समग्र पेनड्राइव्ह कुलूपबंद करण्याची साधने आहेत, पण व्हेराक्रिप्टसारखे साधन यजमान संगणकावर मालकी हक्क असल्याशिवाय चालत नाही. परक्या संगणकावर तो हक्क आपल्याला कोठून मिळणार? विंडोजच्या बिटलॉकरने बंद केलेला पेनड्राइव्ह मात्र साध्या खात्यावरही उघडतो, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

पेनड्राइव्हला व्हायरसाची बाधा झेरॉक्सच्या दुकानांतून होते, हे या दोन्ही शहरांतील विद्यार्थ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागल्याचा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून छपाईचा पेनड्राइव्ह आणि ब्राउझरचा पेनड्राइव्ह हे दोन निराळे असावेत. काढताना विंडोजची 'इजेक्ट' आज्ञा द्यावी. ब्राउझरचा इतिहास व बुकमार्क ज्या लहानशा डेटाबेसात असतात, तो लिहिण्याच्या मध्यात तोडला गेल्यास खराब होतो.

कायद्याची बाजूही आहे. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार ग्राहकाची ओळख नोंदविणे आणि पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद एक वर्ष जतन करणे ही कॅफेचालकाची जबाबदारी आहे. आपण आपला ब्राउझर वापरला की इतिहास पेनड्राइव्हवर जातो. म्हणून कॅफेचालकाला विचारल्याशिवाय तो लावू नये, आणि त्याने नकार दिल्यास तो नकार रास्त समजावा. अनेक कार्यालयांत व बँकांत यूएसबीची जोडणी बंद असते. तेथे बंदोबस्त चुकविण्याचे उपाय शोधणे हे गैर आहे.

स्मार्टफोन आल्यावर, विशेषतः सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर, ही गरज उरली नाही, असे म्हणणारे आहेत. ते अर्धसत्य आहे. सातबारा पाहणे, प्रवेशपत्र उतरविणे, निकाल बघणे ही कामे मोबाइलवर होतात आणि तीच तेथे करावीत. परंतु ठराविक किलोबाइटांत बसविलेली छायाचित्रे व दाखले चढविणे, अनेक पानांचा अर्ज तपासणे, स्वाक्षरी व ठसा जोडणे यांसाठी लोक अद्यापही संगणकाकडेच जातात. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत साथ संपल्याने विंडोज ११ न पेलणारे संगणक शाळा-महाविद्यालयांत बरीच वर्षे राहणार, आणि पेनड्राइव्हवरील ब्राउझरला पुन्हा एकवार मागणी येणार. तो ब्राउझर अद्ययावत असला तरी खालची विंडोज जुनीच राहील, हे विसरता कामा नये.

तेव्हा माझा निर्णय असा: ज्याचा संगणक स्वतःचा आहे, त्याला हा खटाटोप अनावश्यक, ज्याला वारंवार एखाद्या ओळखीच्या, निगा राखलेल्या पण परक्या संगणकावर बसावे लागते, अशा विद्यार्थ्याला, शिक्षकाला व केंद्रचालकाला तो निश्चित हितावह, आणि अनोळखी नेटकॅफेत बँकेचा व्यवहार करू पाहणाऱ्याला तो संरक्षण देत नाही, त्याने तो व्यवहार मोबाइलवरच करावा. विष्णुपुरीतील विद्यापीठ व अभियांत्रिकी महाविद्यालय आणि लातूरची नामांकित महाविद्यालये यांनी प्रत्येक सत्राच्या आरंभी एक दिवस प्रयोगशाळा खुली ठेवून विद्यार्थ्यांचे पेनड्राइव्ह तपासून, ब्राउझर अद्ययावत करून द्यावेत. त्यास मोठा खर्च नाही. तोवर, ज्याच्या खणात असा पेनड्राइव्ह पडून आहे, त्याने पुढच्या अर्जाची वाट न पाहता तो आजच विश्वासू संगणकाला लावावा, आवृत्तीचा क्रमांक पाहावा, आणि तो मागे पडलेला असेल तर प्रथम तेवढे काम उरकावे.